नवरी सोडून बाकीची रुई

सुट्टी कशी घ्यायची हे आमच्या संघटनेत कुणालाच नीट येत नव्हतं. रविवार सह्या गोळा करण्यात जायचा, दसरा अंधश्रद्धांविरुद्ध पत्रकं वाटण्यात आणि दिवाळी चौकाचौकांतून फटाक्यांविरुद्ध बोलण्यात. त्या वर्षी दिवाळी सरता सरता माझा घसा पार बसला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आवाज काढायचा नाही. आई म्हणाली, "मग मामाकडं जा. तिथं तुझं ऐकायला कुणाला वेळ नाही."

म्हणून मी पिंपळवंडीला, मामाच्या वस्तीवर गेले. निघताना ऑफिसातला कॅमेरा मागून घेतला. डिजिटल कॅमेरे तेव्हा आले होते, पण ते वर्तमानपत्रवाल्यांच्या गळ्यात. आमचा रोलचा, काळा, जड, एका मोर्चात पडून पोचा आलेला. आत निम्मा रोल शिल्लक होता. आधीच्या निम्म्यात नदीकाठचा कचरा आणि आमचेच फलक होते. "उरलेला कशावरही संपव," कॅमेरा सांभाळणारा म्हणाला, "पण संपवून आण. कचऱ्याचे फोटो धुवून हवेत."

कशावरही म्हणजे कशावर, तर फुलपाखरांवर. बोलायची बंदी असताना करण्यासारखं दुसरं काही सुचेना. सरळ सांगते, ग्रीटिंग कार्डावरचं फुलपाखरू मला तेव्हाही आवडत नव्हतं आणि आताही आवडत नाही. पण शेतातलं वेगळं असतं. ते कुणाला शुभेच्छा देत नाही. आपलं काम करतं आणि जातं.

मामाचं शेत सडकेपासून आत आहे. सडकेवरून उतरलं की पाण्याची चारी लागते, चारीला लागून लांबलचक बांध, आणि त्या बांधावरून चालत गेलं की टोमॅटो. बांधाच्या एका अंगाला ओळीनं रुई होती. कुणी लावलेली नाही, आपली आपण वाढलेली, कमरेइतकी, कुठं डोक्याइतकी. जाड राखाडी पानं, जांभळट फुलं, आणि देठ मोडला की भळाभळा पांढरा चीक. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. टोमॅटो निघाला की क्रेट डोक्यावर घेऊन बायका या बांधावरून सडकेपर्यंत जायच्या, कारण पिकअप आत येऊ शकत नव्हती. त्या बायकांत मामीही असायची.

शनिवार होता. घसा बराच सुधारला होता, म्हणजे जुन्या दरवाजासारखा का होईना, आवाज निघत होता. सकाळी मामी पितळी ताम्हण घेऊन बांधावर निघाली, मी कॅमेरा घेऊन तिच्या मागे. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायचा तिचा नेम. माझा मामेभाऊ लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा बोललेला. मामेभाऊ आता चाकणच्या कारखान्यात आहे, त्याच्या मोटरसायकलीवर मारुतीचा स्टिकर आहे, आणि माळ अजून मामीच करते.

"नीट बघून घे," मामी म्हणाली. "ह्या रुईची ही शेवटची माळ. उद्या सकाळी जेसीबी यायचाय."

"कशाला?"

"रस्ता करायचाय. बांध रुंद करायचा, रुई काढायची, पिकअप थेट टमाट्यात."

मी थांबले. मामी पान खुडत राहिली. तिची एक पद्धत होती. प्रत्येक पान आधी उलटं करून बघायचं, मग सुलटं. भोक पडलेलं, कुरतडलेलं, डाग असलेलं पान देवाला चालत नाही. ते तसंच झाडावर ठेवायचं. धडधाकट तेवढं ताम्हणात.

त्या सोडलेल्या पानांवरच माझं काम होतं. एका पानाच्या कडेला अळी बसली होती, काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या जोड्या. पान खायच्या आधी तिनं देठाजवळची शीर कुरतडून ठेवली होती. चीक तिथंच गळून गेला आणि पुढचं पान तिला खायला मोकळं झालं. मी गुडघ्यावर बसले, सावली तिच्यावर पडू नये म्हणून फिरून पलीकडं गेले, श्वास धरला आणि बटण दाबलं. खटॅक. कॅमेऱ्याचा आवाज एवढा, की मामीनं दचकून हातातलं पान टाकलं.

"काय ठासणीची बंदूक हाय का गं ती?"

मग मला अळ्यांची आई दिसली. म्हणजे फुलपाखरू. नारिंगी, पंखांच्या टोकाला काळं, काळ्यावर पांढरे ठिपके. एका पानाखाली शेपूट वाकवून क्षणभर टेकायचं, उडायचं, दुसऱ्या पानाखाली टेकायचं. एका पानाला एकच अंडं, पांढरा ठिपका. घाई नाही, कुणाची भीती नाही. रुई खाऊन वाढलेलं कडू अंग असल्यामुळं पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, हे मी कुठंतरी वाचलं होतं. त्या चालीवरून ते खरं वाटलं. आमच्या मोर्चांत अशी चाल दोन-तीन जणांनाच जमते.

"मामी, उद्या हे सगळं जाणार?"

"आता जाणारच की."

"मग शनिवारची माळ?"

तिनं ताम्हण कमरेला लावलं. "बघू. दुसरीकडं आसंल कुठंतरी. निम्मं गाव हिंडावं लागंल." आवाज साधाच होता. पण पुढच्या झाडाची पानं तिनं नेहमीपेक्षा सावकाश उलटली.

मी ठरवलं, जेवताना मामाशी बोलायचं. तोवर फोटो.

फुलपाखरांचा फोटो काढणं हे पत्रक लिहिण्याच्या बरोबर उलटं काम आहे. पत्रकात पहिल्या ओळीतच माणसाची गचांडी धरायची असते. इथं काहीच धरायचं नाही. एका फुलापाशी बसून राहायचं, बसून राहायचं, आणि ते आलं तरी लगेच हलायचं नाही. उन्हाला ताप चढेपर्यंत पिवळी छोटी फुलपाखरं जमिनीलगत वाऱ्यासारखी पळत होती, ती काही सापडली नाहीत. चारीच्या कडेला, जिथं म्हशी पाणी प्यायला उतरतात, तिथल्या ओल्या चिखलावर मात्र तीच पिवळी पंख मिटून ओळीनं बसली होती, सोंडा चिखलात. मध्ये एक फिकट निळं. फुलं सोडून चिखल चोखत बसलेली. मी पोटावर झोपून सरपटत गेले. टोमॅटो तोडणाऱ्या बायका क्रेट डोक्यावर घेऊन बांधावरून चालल्या होत्या. त्यांची रांग थांबली.

"बया, पोरगी चक्कर येऊन पडली का काय?"

"न्हाई गं, फोटो काढतीय."

"चिखलाचा?"

"पाकोळ्यांचा. लगीन आसंल त्येंचं."

"मग आमचाबी काढ की. आमी काय कमी हाय का चिखलात?"

मी काढला. क्रेट डोक्यावर, एक हात वर, पदर दातात धरलेला, सगळ्या हसताहेत. मागं मामी होती, क्रेटच्या ओझ्यानं मान किंचित वाकडी, आणि एकटी तीच हसत नव्हती. ती पावलाखालचा बांध बघत होती. तो फोटो मी आजही त्या दिवसाच्या फुलपाखरांतच धरते.

आंब्यावर बांडगूळ माजलं होतं, त्याच्या लाल-केशरी फुलांवर पांढरी फुलपाखरं भिरभिरत होती. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळं आणि कडेला लाल ठिपके. मामी त्यांना हळदीकुंकू म्हणते. तिकडचे सगळेच म्हणतात. ती इतकी उंच होती, की माझ्या लेन्समध्ये नुसते पांढरे कण दिसत होते. तरी एक फोटो काढला. लिंबाच्या झाडावर काळं-पिवळं एक होतं, त्यानं मला घराला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि शेवटी कौलावर जाऊन बसलं. दुपारपर्यंत रोलचा आकडा बराच पुढं सरकला होता आणि माझी कोपरं सोलली होती. रागाशिवाय एवढा वेळ जाऊ शकतो हे मला नवीन होतं.

जेवायला बसलो तेव्हा मामा म्हणाला, "सुट्टीला आलीस तर चल, लेण्याद्रीला जाऊन येऊ उद्या दुपारी. जेसीबीचं काम दोन तासांचं."

मी म्हटलं, "मामा, ती रुई काढू नका."

"का?"

मी सुरू केलं. अळ्या, कोष, अंडी, ते फुलपाखरू रुईशिवाय दुसऱ्या फारशा कशावर अंडी घालत नाही, बांधावरची झाडं गेली की माती कशी चारीत उतरते, एकेक करून सगळा तालुका कसा बोडका होत चाललाय. आवाज खरखरीत, पण मुद्दे जागेवर. मामानं भाकरी मोडत सगळं ऐकून घेतलं.

"झालं?"

"झालं."

"हे चौकात बोल. लई टाळ्या पडतील. हितं तुझ्या मामीची मान गेलीय क्रेट वाहून वाहून. डॉक्टर पट्टा लाव म्हनतोय. पट्टा लावून क्रेट न्यायचं कसं, ते तुझ्या पाकोळीला इचार."

मी मामीकडं पाहिलं. मला वाटलं होतं, ती माझ्या बाजूनं बोलेल. सकाळी तिची बोटं मी बघितली होती.

"मला रस्ता पायजे," मामी म्हणाली. मग थोड्या वेळानं, ताटाकडं बघत, "माळबी पायजे. पण रस्ता पायजे."

आमच्या पत्रकांत असं कधी नसतं. आमच्या पत्रकांत एका बाजूला लोक असतात आणि दुसऱ्या बाजूला ठेकेदार. इथं दोन्ही बाजूंना मामीच बसली होती.

"आन् सगळी कुठं काढतोय मी," मामा जरा मऊ होऊन म्हणाला. "नवरी ठेवणार हाय. नवरी सोडून बाकीची."

"कुठली नवरी?"

मामीला हसू फुटलं. "अगं, तुझ्या पणजोबाची."

मग मला कळलं ते असं. माझ्या आईच्या आजोबांची, म्हणजे पणजोबांची, पहिली बायको बाळंतपणात गेली. दुसरी केली, तीही बाळंतपणात गेली. तिसरं लग्न माणसाला धार्जिणं नसतं म्हणतात. म्हणून तिसरं लग्न बांधावरच्या रुईशी लावलं. अंतरपाट धरून, अक्षता टाकून, रुईला हिरवी चोळी बांधून. वाईट जे काय व्हायचं ते झाडाचं होऊ दे. आणि मग चौथी केली, ती जगली, तिच्यापासून पुढचा सगळा वंश. मामा, माझी आई, मी.

मी गावोगाव ज्या गोष्टींविरुद्ध पत्रकं वाटत होते, त्यातली एक माझ्याच रक्तात निघाली.

"दोन पोरी बाळंतपणात मेल्या," मी म्हटलं, "आणि त्यावर उपाय काय काढला, तर झाडाशी लग्न? सुईण नाही, दवाखाना नाही, थोडी वर्षं थांबणं नाही. दोष कुणाचा, तर नशिबाचा. आणि भोगायला परत कुणाची तरी सोळा वर्षांची मुलगी."

"तवा कुठला आला गं दवाखाना?"

"तेच म्हणतेय मी."

"मग माझ्यावर का वरडतीस? मी व्हतो का लग्नात?" मामा उठून हात धुवायला गेला. जाता जाता म्हणाला, "घसा सांभाळ."

दुपारनंतर मी पुन्हा रुईपाशी गेले. रागानं गेले होते, पण त्या ओळीत बसल्यावर राग फार वेळ टिकेना. ऊन उतरत होतं. एका झाडाच्या मधल्या फांदीवर, पानाच्या खालच्या अंगाला, कोष लटकला होता. सकाळी बघितला तेव्हा फिकट हिरवा, कानातल्या लोलकासारखा, वर सोनेरी टिकल्या. आता हिरवा रंग विरत चालला होता आणि आतून नारिंगी पंखाची घडी दिसू लागली होती. म्हणजे उद्या सकाळी फुटणार. आणि उद्या सकाळीच जेसीबी.

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तो मी यासाठी राखून ठेवला.

तिन्हीसांजेला ओट्यावर आत्याआजी बसली होती. ही मामाची आत्या, त्या चौथ्या बायकोची मुलगी. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, कान तल्लख आणि आवाज त्याहून. तिच्याशेजारी जाऊन बसले.

"आत्याआजी, नवरी खरंच होती?"

"व्हती म्हंजी? हाय की. माझ्या आईची सवत ती. आई संक्रांतीला पयलं हळदीकुंकू तिला लावायची, मग बायकांना. म्हनायची, ही माझ्या वाटचं घेऊन बसलीय, हिला इसरून चालायचं न्हाई."

"आणि आधीच्या दोघी? त्यांची नावं काय?"

अंगणात कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. आत्याआजीनं ओठ हलवले, जणू आतल्या आत नावं लावून बघत होती.

"एक ओतूरची व्हती," ती म्हणाली. "आन् एक निमगाव सावाची."

"नावं?"

"न्हाई गं लेकी. नावं कुनी घेतलीच न्हाईत माझ्यासमोर. गेलेल्या सवतींची नावं कोन घेतंय? झाडाचं बरं आस्तं. झाड डोळ्याम्होरं आस्तं."

बोलायचं खूप होतं, पण ते तिला बोलायचं नव्हतं.

सकाळी जेसीबी वेळेवर आला. पिवळा, आडदांड, वर वाऱ्यानं उडणारं लाल फडकं. ड्रायव्हर तरुण होता, मराठवाड्याकडचा. बांधाच्या तोंडाशी गाडी उभी करून त्यानं विचारलं, "मालक, कुठून सुरू करू?"

"हितनं," मामा म्हणाला. "ही टोकाची एक सोडायची. नवरी हाय ती. बाकीची सगळी काढ."

"काय आहे ती?"

"नवरी."

ड्रायव्हरनं मामाकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मालक, सकाळी सकाळीच?"

"अय शाण्या, शुद्धीत हाय मी. आमच्या आज्याचं लगीन लागलंय तिच्याशी."

मी तोवर कोष असलेल्या झाडापाशी उभी होते. ते ओळीच्या मध्यावर होतं, म्हणजे जाणाऱ्यांत. कोषाची साल काचेसारखी झाली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मनात म्हटलं, लवकर फूट. इंजिन सुरू झालं. आणि त्या घरघरीला वरचढ होत वस्तीकडून आवाज आला, "थांब रं, मुडद्या!"

आत्याआजी काठी टेकत बांधावरून येत होती, मागं मामी तिला धरायला पळत. "कुठली सोडतोस तू?"

"आत्या, ही. टोकाची."

"ती न्हवं! नवरी धोंड्याजवळची. आई धोंड्यावर ताट ठेवायची."

"आगं पर चारी काढली तवा तो धोंडाच उचलून तिकडं टाकला. आधी हितं व्हता धोंडा."

"धोंडा सरकला आसंल. ती कशी सरकंल?"

"तेच सांगतोय मी! ती हितंच हाय, धोंडा तिकडं गेला!"

"तू तवा जलमला तरी व्हतास का?"

शेजारच्या मळ्यातले चुलतमामा बैलांना चारा टाकत हे ऐकत होते. ते बांधावर चढले आणि शांतपणे म्हणाले, "दोघंबी चुकताय. नवरी मधली. आमच्या म्हातारीनं मला बोट करून दावलीय." आणि त्यांनी नेमकं मी उभी होते त्या झाडाकडं बोट केलं.

इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला, रुमालानं मान पुसली. "मालक, माझं अजून लग्न व्हायचंय. कुणाची बायको मुळासकट उपटायचं पाप मला नको. तुम्ही आधी ठरवा, मी चहा पितो."

मामा वैतागला. त्यानं चौफेर पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर आली. "ए, तू बोल की! काल एवढं बोललीस. हे सगळं थोतांड हाय म्हनतीस ना? मग सांग ह्यांना. झाडाशी लगीन-बिगीन काय नसतं, सगळ्या रुया सारख्याच. सांग आत्याला."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मला घाम फुटला. चौकात मला कधी घाम फुटत नाही. मामा मला माझीच वाक्यं म्हणायला सांगत होता, आणि ती म्हटली की ओळ जाणार होती. आणि नाही म्हटली तर मी कुणाची?

"थोतांडच आहे," मी म्हटलं. आत्याआजीकडं बघून म्हटलं, तोंड फिरवून नाही. "माणसाचं मरण झाडावर ढकलता येत नाही. त्या लग्नानं कुणी वाचलं नाही. जी वाचली ती तिच्या ताकदीनं वाचली."

आत्याआजीची हनुवटी वर झाली. मामा म्हणाला, "ऐकलंस आत्या?"

"पण तुम्ही विचारताय, यातली नवरी कुठली," मी म्हटलं. "ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. रुई तोडली तरी मुळातून परत फुटते, बी उडून शेजारी रुजतं. पहिलं झाड केव्हाच गेलं असेल. किंवा या सगळ्या तिच्याच असतील. मला माहीत नाही, आणि मामा, तुम्हालाही नाही."

"म्हंजी सगळ्याच नवऱ्या?" चुलतमामा म्हणाले.

"किंवा एकही नाही."

"एकबी न्हाई हे कोन म्हननार?" आत्याआजी म्हणाली. "तू म्हनशील?" हे तिनं मामाला विचारलं.

मामानं पायानं माती उकरली. मग मामी, जी इतका वेळ आत्याआजीचा दंड धरून उभी होती, ती बोलली. "बांधाच्या आतल्या अंगानं काढा की रस्ता. दोन सऱ्या टमाटं जाईल."

"चालू तोडा हाय गं त्या सऱ्यांचा!"

"मग जाऊ द्या. त्येचं क्रेट वाहायचं तरी वाचंल मला." आणि मग अगदी सहज, "मान माझी हाय."

ड्रायव्हरनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि मामाकडं पाहिलं. मामानं हात झटकला, हातावर माशी बसल्यासारखा. "घे तिकडनं. चल."

जेसीबी वळला. रस्ता टोमॅटोतून निघाला. मी पाठीमागच्या झाडाकडं वळले, आणि कोष रिकामा होता. फाटक्या पातळ सालीला धरून फुलपाखरू लटकत होतं, पंख ओले, चोळामोळा झालेले, पोट फुगलेलं. आम्ही भांडत होतो तेव्हाच कधीतरी ते बाहेर आलं होतं. ज्या क्षणासाठी मी फोटो राखला होता तो गेला. तरी पंख उलगडताना मिळाले असते. मी कॅमेरा उचलला.

"माझा काढ," आत्याआजी म्हणाली. ती शेजारीच येऊन उभी राहिली होती. "हिच्यासंगं. कुठली का आसंना."

मी म्हटलं, "आत्याआजी, एकच राहिलाय."

"मग? माझंबी किती राहिलंय?"

ती पदर सावरून झाडाला टेकून उभी राहिली, काठी पुढं, तोंड कॅमेऱ्याकडं, एखाद्या लग्नात उभी राहावी तशी ताठ. मी फोटो काढला. रोल आपोआप मागं गुंडाळला जाऊ लागला, त्याचा तो घुर्रर्र आवाज. तिला वाटलं मी अजून काढतेय, म्हणून ती तशीच उभी राहिली. आवाज थांबेपर्यंत मीही तिला हललीस तरी चालेल असं म्हटलं नाही.

फुलपाखरू फोटोत नाही. पुण्याला गेल्यावर प्रिंट आल्या तेव्हा बघितलं. ते तिच्या पदराआड गेलं होतं. बाकीच्यांत दोन-तीन बऱ्या होत्या, हळदीकुंकू म्हणजे नुसते पांढरे कण, आणि त्याच पाकिटात आमचे फलक आणि नदीकाठचा कचरा. कॅमेरा सांभाळणाऱ्यानं आत्याआजीचा फोटो वर धरून विचारलं, "हे कोणतं आंदोलन?"

संक्रांतीनंतर मामीचा फोन आला. मान बरी होती, पिकअप थेट आत येत होती. शनिवारची माळ चालू होती. मग म्हणाली, संक्रांतीला आत्याआजीनं तिला रुईपाशी नेलं आणि तीन झाडांना हळदीकुंकू लावायला लावलं.

"तीन का?"

"एक नवरी. एक ओतूरची. एक निमगावची."

मी म्हटलं, "मामी, हे पण थोतांडच आहे बरं का. त्यांची नावं शोधा त्यापेक्षा. ओतूरला, निमगावला कुणाला तरी आठवत असतील."

"ते तू शोध," मामी म्हणाली. "तुला सवय हाय हिंडायची. आमी तवर हळदीकुंकू लावतो."

ती नावं मला अजून सापडलेली नाहीत. ओतूरला दोनदा जाऊन आले. निमगाव सावाला या सुट्टीत जायचं आहे.